ज्योत आहे, हे कशावरून?

चेंबूर, माहुल, उरण किंवा नागोठण्याच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला फ्लेअर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. उंच पोलादी चिमणीच्या टोकावर हलणारी ती केशरी ज्वाळा त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. ती अचानक मोठी झाली, काळा धूर सोडू लागली की वस्तीत चर्चा होते, वर्तमानपत्रांत फोटो येतात. ही ज्वाळा किती प्रदूषण करते, ती किती जळू द्यावी, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते आवश्यकही आहे. हे पुस्तक मात्र तिच्याबद्दल नाही. त्याच टोकावर, मोठ्या ज्वाळेच्या कडेकडेने, दोन-तीन छोट्या निळसर ज्योती अहोरात्र जळत असतात. त्यांना पायलट म्हणतात. दिवसाच्या उजेडात त्या जमिनीवरून दिसत नाहीत. त्या जळत आहेत की विझल्या हे खात्रीने कळायचे कसे, या एकाच प्रश्नावर हे पुस्तक लिहिले गेले आहे.

एवढ्याशा प्रश्नाला अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर फ्लेअरच्या कामातच आहे. फ्लेअर ही कारखान्यातल्या वायूची शेवटची वाट. एखाद्या युनिटमध्ये दाब मर्यादेबाहेर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात आणि आतला वायू फ्लेअर हेडर नावाच्या मोठ्या पाइपात शिरतो. नॉक-आउट ड्रममध्ये त्याच्याबरोबर आलेले द्रव खाली राहतात, सील ड्रममधल्या पाण्यातून बुडबुडत तो पुढे जातो आणि स्टॅकमधून, म्हणजे त्या उंच चिमणीतून, वर चढतो. वीज गेली किंवा कूलिंग वॉटर बंद पडले, तर अनेक युनिटे एकाच वेळी आपला वायू या एका हेडरमध्ये सोडतात. अशा वेळी मोठ्या रिफायनरीत तासाला शेकडो टन हायड्रोकार्बन फ्लेअरकडे धावत असतो. तो टोकावर पोहोचताक्षणी पेटला पाहिजे, आणि त्याला पेटवण्याची जबाबदारी त्या दोन-तीन निळ्या ज्योतींवर असते.

न्हाणीघरातला जुन्या पद्धतीचा गॅस गिझर अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या पायलटच्या ज्योतीत थर्मोकपलचे टोक बुडवलेले असते. त्या उष्णतेने जी इवलीशी वीज तयार होते तिच्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की वीज संपते आणि व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. बॉयलर आणि फर्नेसमध्ये याच विचाराची मोठी रूपे असतात. फ्लेम स्कॅनरला ज्योत दिसेनाशी झाली की यंत्रणा काही सेकंदांत इंधन तोडते, आणि ऑपरेटर नंतर सावकाश कारण शोधतो. फ्लेअरच्या बाबतीत हा मार्गच बंद आहे. तिथे येणारा वायू आपण पाठवत नाही, तो संकटातून सुटून आलेला असतो. त्याची वाट अडवली तर मागची भांडी फुटतील. म्हणून फ्लेअरला ट्रिप नसते. पायलट विझल्याचा संकेत कोणताही व्हॉल्व्ह मिटवत नाही. तो फार तर पुन्हा ठिणगी पाडण्याचा आपोआप प्रयत्न करतो, आणि तो प्रयत्न फसला की एका माणसाकडे जातो. कंट्रोल रूममध्ये पॅनलसमोर बसलेल्या त्या माणसाने संकेत खरा मानला तरच पुढे काही घडते. बॉयलरच्या डिटेक्टरवर यंत्राचा विश्वास असला की पुरते, पण फ्लेअरच्या डिटेक्टरवर माणसाचा विश्वास असावा लागतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांत तारा, ट्रान्समीटर, कॅमेरे यांची चर्चा आहे. ती सगळी या एका गोष्टीसाठी आहे, असे मी ती वाचून समजलो.

विश्वास नसला, किंवा संकेतच आला नाही, तर काय होते? मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यातल्या पोझा रिका या तेलाच्या गावात १९५० साली नैसर्गिक वायूतून गंधक वेगळे करणारा विभाग नुकताच सुरू झाला होता. २४ नोव्हेंबरच्या पहाटे तिथल्या फ्लेअरमध्ये बिघाड झाला आणि हायड्रोजन सल्फाइड न जळताच बाहेर पडू लागला. हे सुमारे २० मिनिटे चालले. वारा मंद होता आणि जमिनीलगतची थंड हवा वर उठत नव्हती. वायू शेजारच्या वस्तीवर उतरला. २२ माणसे मेली, ३२० जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

या घटनेतले रसायनशास्त्र प्रत्येक ऑपरेटरला माहीत असायला हवे. हायड्रोजन सल्फाइड जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. तोही वाईटच, पण तो तापलेल्या धुराबरोबर उंच चढतो, पांगतो आणि विरळ होतो. न जळलेला हायड्रोजन सल्फाइड थंड असतो आणि हवेपेक्षा किंचित जड असतो, त्यामुळे तो खाली येतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे प्रमाण शंभरच्या पलीकडे गेले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि माणसाला वाटते की धोका गेला. ज्वाळा दिसली तर लोक घाबरतात, तक्रार करतात. ज्वाळा नसते तेव्हा कोणी तक्रार करत नाही, आणि खरी भीती बाळगावी अशी वेळ तीच असते.

फ्लेअरचा विषय निघाला की आपल्याकडे भोपाळचे नाव येते. तिथे थोडी काळजी घेतली पाहिजे. ३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री युनियन कार्बाइडची फ्लेअर निकामी होती हे खरे. पण ती पायलट विझल्यामुळे नव्हे, तर गंजलेल्या पाइपाचा तुकडा बदलण्यासाठी तिची जोडणीच काढून ठेवली होती म्हणून. शिवाय ती चालू असती तरी तेवढा मिथाइल आयसोसायनेट जाळणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. भोपाळला पायलटचा अपघात म्हणणे चूक ठरेल. पण सुरक्षेचे एखादे साधन बंद आहे, हे सगळ्यांना ठाऊक असूनही कारखान्याचा दिनक्रम चालू राहू शकतो, हे भोपाळने दाखवले. पायलटच्या बाबतीत रोज जे घडते ते याच जातीचे आहे. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

प्रत्येक विझलेली फ्लेअर माणसे मारत नाही. बहुतेक विझलेल्या फ्लेअर्स कोणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि त्यांच्यातून मिथेन सरळ आकाशात जातो. २० वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. फ्लेअरमध्ये गेलेल्या वायूपैकी ९८ टक्के नष्ट होतो, असे जगभरच्या हिशेबांत वर्षानुवर्षे धरले जात होते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पर्मियन, ईगल फोर्ड आणि बाकन या तेलक्षेत्रांवर विमानाने उडून प्रत्यक्ष धूर मोजला. त्यांचा निबंध २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्यात परिणामकारक आकडा निघाला सुमारे ९१ टक्के. दोन टक्क्यांऐवजी नऊ टक्के वायू निसटत होता, म्हणजे चौपटीहून जास्त. ही तूट दोन कारणांनी होती. काही फ्लेअर्स नीट जळत नव्हत्या आणि काही मुळात पेटलेल्याच नव्हत्या. दुसऱ्या कारणाला महागडे नवे तंत्रज्ञान लागत नाही. टोकावर ज्योत नाही हे कळले आणि कोणी ती पेटवली, की काम झाले.

कायदा या बाबतीत गप्प बसलेला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत फ्लेअरवर ज्योत सदैव असली पाहिजे आणि पायलटची ज्योत थर्मोकपलने किंवा तितक्याच चांगल्या दुसऱ्या साधनाने तपासत राहिली पाहिजे, असे १९८० च्या दशकापासून लिहिलेले आहे. २०१५ साली तिथल्या रिफायनऱ्यांसाठी तो नियम आणखी आवळला गेला. फ्लेअरकडे वायू जात असताना १५ मिनिटांच्या कोणत्याही टप्प्यात एक मिनिट जरी एकही पायलट पेटलेला नसला, तरी तो टप्पा नियमभंग धरला जातो. बांधणीच्या बाजूने अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे ५३७ क्रमांकाचे मानक आहे. कोरड्या हवेत ताशी १६० किलोमीटरच्या वाऱ्यात, आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडत असताना ताशी १४० किलोमीटरच्या वाऱ्यात पायलट टिकला पाहिजे, असे ते सांगते. आपल्याकडे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे, म्हणजे ओआयएसडीचे, १०६ क्रमांकाचे मानक दाब सोडण्याच्या संपूर्ण व्यवस्थेसाठी आहे.

पावसाच्या त्या आकड्यापाशी कोकणपट्टीतल्या वाचकाने थांबावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्यातला फार मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. तासाला ५० मिलिमीटर ही मर्यादा त्या दिवशी केव्हाच मागे पडली होती. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या समुद्रातून गेले तेव्हा शहरातल्या झोतांनी ताशी १०० किलोमीटरची पातळी ओलांडली. माहुलच्या दोन रिफायनऱ्या १९५४-५५ पासून याच किनाऱ्यावर उभ्या आहेत, मुंबई हायचा वायू उरणला याच किनाऱ्यावर येतो. मानकात बसणारा पायलट विकत घेतला म्हणजे पावसाळ्याची काळजी मिटली, असे समजण्याची सोय आपल्याला नाही. आणि वीज जाऊन सगळी युनिटे एकदम फ्लेअरकडे धावतात ती वेळही बहुधा अशाच वादळी दिवशी येते.

आता साधनांकडे वळू. पायलट तपासण्याचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन म्हणजे थर्मोकपल. या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग त्यालाच दिला आहे आणि तो योग्यच आहे, कारण बहुतेक दुखणी तिथलीच आहेत. क्रोमेल आणि अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारा टोकाशी जोडल्या की प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. पायलट पेटलेला असला की टोक शेकडो अंशांवर असते. विझला की ते निवू लागते, ठरवलेल्या तापमानाखाली गेले की अलार्म वाजतो. कागदावर याहून सोपे काही नाही.

पण थर्मोकपल ज्योत पाहत नाही, ते ऊब पाहते. पायलट विझला तरी त्याचे धातूचे तोंड लगेच थंड होत नाही, म्हणून अलार्म यायला काही मिनिटे लागू शकतात. शेजारी मोठी ज्वाळा जळत असली तर तिच्या उष्णतेने टोक तापलेलेच राहते आणि विझलेला पायलट पेटलेला दिसतो. सगळ्यात वाईट हाल वाऱ्यामुळे होतात. वारा जोराचा असला की मोठी ज्वाळा आडवी होऊन टोकाच्या आडोशाच्या बाजूने खाली ओढली जाते, आणि त्या बाजूचा पायलट, त्याचे थर्मोकपल, त्याची केबल हे सगळे ज्वाळेत भाजून निघते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने वारा नैर्ऋत्येचा असतो. झळ कोणत्या बाजूच्या थर्मोकपलला बसणार, हे स्टॅक उभा करतानाच सांगता येते. तरीही तिन्ही थर्मोकपल एकाच पद्धतीने, एकाच केबलमार्गाने वर नेलेली मी पाहिली आहेत.

थर्मोकपल जळाले की तार तुटते. तुटलेल्या तारेवर ट्रान्समीटरने काय दाखवायचे, हे आधी ठरवून ठेवावे लागते. अपस्केल बर्नआउट ठेवले तर आकडा वरच्या टोकाला जातो, डाऊनस्केल ठेवले तर खालच्या. फर्नेसमध्ये अपस्केल ठेवतात आणि तिथे ते बरोबरच आहे. थर्मोकपल गेले की यंत्रणा समजते फार तापले, आणि इंधन कमी करते. चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. तोच ट्रान्समीटर तोच सेटिंग ठेवून फ्लेअरला लावला, तर तुटलेले थर्मोकपल सांगते की पायलट झकास पेटलेला आहे. पुढची कित्येक वर्षे सांगत राहते. पॅनलवर हिरवा दिवा असतो, आकडा वर टेकलेला असतो आणि कोणाला शंका येत नाही. स्टोअरमधून आणलेला ट्रान्समीटर घाईत बसवला जातो तेव्हा हे सहज घडते. पुस्तकातल्या या प्रकरणावर मी पेन्सिलने सर्वांत जास्त खुणा केल्या आहेत.

डाऊनस्केल ठेवले की प्रश्न उलटा होतो. आता तुटलेले थर्मोकपल सांगते की पायलट विझला. ऑपरेटर धावत बाहेर जातो, रात्र असेल तर वर निळी ज्योत दिसते, आणि तो वॉकीटॉकीवर कळवतो, “साहेब, पायलट चालू आहे, थर्मोकपल गेलंय.” लॉगबुकात तशी नोंद होते. थर्मोकपल बदलायचे तर स्टॅकच्या टोकाशी जावे लागते, आणि प्लांट चालू असताना उष्णतेमुळे तिथे माणूस पाठवता येत नाही. पुढचा शटडाऊन तीन-चार वर्षांनी. तोपर्यंत हा अलार्म दर पाळीला उभा असतो, दर पाळीला तो मान्य करून पुढे जायचे असते. पहिली पाळी दुसरीला सांगते, दुसरी रात्रपाळीला. काही महिन्यांनी सांगणेही थांबते. मग दुसरे थर्मोकपल जाते, त्याचीही तशीच नोंद होते. आणि मग एखाद्या दिवशी अलार्म खरा असतो.

भोपाळच्या संदर्भात म्हटले ते हे. अशा ऑपरेटरला निष्काळजी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्या साधनाने महिनोन्महिने खोटे सांगितले, त्याच्यावर अविश्वास ठेवणे हे समंजस माणसाचेच लक्षण आहे. दोष असतो तो अशा साधनाला एकमेव साक्षीदार नेमणाऱ्या आराखड्याचा, आणि बदलता येणार नाही अशा जागी ते बसवणाऱ्या निर्णयाचा. मागे-पुढे सरकणारी थर्मोकपल मिळतात. लांब नळीतून ती प्लॅटफॉर्मवरून किंवा जमिनीवरून वर सरकवता येतात, बिघडली की प्लांट चालू असताना खाली ओढून बदलता येतात. त्यांची किंमत जास्त पडते. पण तीन वर्षे उभ्या राहिलेल्या अलार्मची किंमत कोणत्याच खरेदी-प्रस्तावात लिहिलेली नसते, म्हणून स्वस्त थर्मोकपल जिंकते.

पॅनलवरच्या दिव्यांचीही एक खोड आहे. तीन पायलटांचे तीन संकेत असतात, पण पडद्यावरची जागा वाचवायला ते एकत्र करून ‘पायलट चालू’ असा एकच दिवा ठेवला जातो. निदान एक पायलट पेटलेला असला की तो हिरवा राहतो. पहिला पायलट विझला तरी हिरवा, दुसरा विझला तरी हिरवा. तिसरा विझतो तेव्हा दिवा पहिल्यांदा बदलतो, म्हणजे सावध व्हायची वेळ पुरती टळून गेल्यावर. तीन पायलट ठेवण्यामागचा सगळा हेतू त्या एका दिव्यात बुडून जातो.

बाकीच्या साधनांबद्दल पुस्तकात सविस्तर आहे, मी थोडक्यात सांगतो. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, म्हणून तिच्यातून अगदी क्षीण प्रवाह जाऊ शकतो. तो एका दिशेला सहज आणि उलट दिशेला कमी जातो. आयनायझेशन रॉड हाच गुण ओळखतो, आणि या एकतर्फीपणामुळे ज्योतीचा प्रवाह आणि ओल्या इन्सुलेटरवरून झिरपणारा प्रवाह यांत फरक करता येतो. ज्योत विझल्याचे तो जवळजवळ तत्क्षणी सांगतो. पण रॉड, इन्सुलेटर आणि केबल सगळे वर उष्णतेत असते, आणि चालू प्लांटमध्ये तिथे हात पोहोचत नाही. दुसरी पद्धत आवाजाची. जळणाऱ्या पायलटला स्वतःचा एक आवाज असतो, तो इग्निशनच्या पाइपातून खाली येतो, आणि जमिनीवरचा सेन्सर तो ऐकतो. सेन्सर खाली असल्यामुळे केव्हाही बदलता येतो, हा तिचा मोठा गुण. त्या पाइपात पाणी साठले तर मात्र तो बहिरा होतो.

तिसरी पद्धत दुरून पाहण्याची. जमिनीवर बसवलेला इन्फ्रारेड डिटेक्टर टोकावर रोखलेला असतो. त्यालाही हात सहज पोहोचतो. पण कोणता पायलट पेटला आहे आणि कोणता नाही, हे तो सहसा सांगू शकत नाही, आणि मोठी ज्वाळा जळत असली तर पायलटबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही. दाट पाऊस, धुके, नेमका टोकामागे आलेला सूर्य, वाऱ्यात डोलणारा स्टॅक यांची त्याला अडचण होते. अल्ट्राव्हायोलेट डिटेक्टरला धूर चालत नाही. साधा सीसीटीव्ही कॅमेरा रात्री उपयोगी पडतो, पण भर दुपारी फिकट निळी ज्योत त्याला दिसत नाही, आणि हायड्रोजनचे प्रमाण जास्त असलेल्या वायूची ज्योत तर माणसाच्या डोळ्यालाही जेमतेम दिसते.

यातले सर्वांत चांगले साधन कोणते, असे मला विचारले जाते. माझे मत असे की एकाच तत्त्वावर चालणारी तीन साधने ठेवण्यापेक्षा वेगळ्या तत्त्वांवर चालणारी दोन बरी, आणि त्यातले एक तरी जमिनीवरून दुरुस्त होणारे हवे. तीन थर्मोकपल एकाच ज्वाळेत एकाच वादळात जळतात. थर्मोकपल आणि आवाजाचा सेन्सर एकाच कारणाने एकाच रात्री सहसा जात नाहीत. आणि दोघांचे म्हणणे जुळले नाही, तर त्यातूनही ऑपरेटरला कळते की कोणीतरी खोटे बोलत आहे.

काही ठिकाणी डिटेक्टर बिघडल्यावर पायलट गॅसचा दाब हाच पुरावा मानतात. दाब बरोबर आहे म्हणजे पायलट पेटलेला आहे, असा तर्क असतो. दाब फक्त पाइपात वायू आहे एवढेच सांगतो. उलट पायलटचे छिद्र अवघ्या दीड मिलिमीटरचे असते. पाइपातला गंज किंवा वायूबरोबर आलेला द्रवाचा थेंब तिथे अडकला की पायलट उपाशी मरतो, आणि त्याच वेळी खाली दाब अगदी व्यवस्थित दिसतो. पायलट विझण्याचे हे फार सामान्य कारण आहे. गॅसलाइनवरचा स्ट्रेनर वेळेवर साफ करणे हे डिटेक्टरच्या निवडीइतकेच महत्त्वाचे काम आहे, पण त्यावर कोणी परिषदेत निबंध वाचत नाही.

विझल्याचे कळल्यावर पुन्हा पेटवायचे कसे, हाही या पुस्तकाचा विषय आहे. जुन्या प्लांटमध्ये फ्लेम फ्रंट जनरेटर असतो, ज्याला सगळे एफएफजी म्हणतात. जमिनीवरच्या पॅनलमध्ये हवा आणि गॅस ठरावीक प्रमाणात मिसळून इंचभर जाडीचा पाइप वरपर्यंत भरायचा, मग खाली ठिणगी द्यायची. ज्वाळेचा गोळा पाइपातून धावत जाऊन पायलट पेटवतो. प्रमाण चुकले, पाइप पुरता भरला नाही किंवा वळणात पाणी साठले, की गोळा वाटेतच मरतो. पावसाळ्यात ड्रेन उघडून पाणी काढल्याशिवाय हे काम होतच नाही. एकाने बटण दाबायचे, दुसऱ्याने लांब उभे राहून टोकाकडे पाहायचे आणि वॉकीटॉकीवर सांगायचे. हे हातचे कौशल्य आहे. टोकाशीच जोरदार ठिणगी देणारी नवी व्यवस्था आली तरी एफएफजी काढून टाकू नये, असे पुस्तकात म्हटले आहे. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आखातातल्या प्लांटमध्ये आयुष्य घालवून परतलेले कोकणातले जुने ऑपरेटर अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडून नव्या मुलांनी हे काम शिकून घ्यावे.

फ्लेअरचा वापर कमी करण्याचा आग्रह सध्या सगळीकडे आहे, आणि तो योग्य आहे. जगात दरवर्षी सुमारे १५० अब्ज घनमीटर वायू फ्लेअरमध्ये जळतो. जागतिक बँकेने २०१५ साली नेहमीचे फ्लेअरिंग २०३० पर्यंत थांबवण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्या रिफायनऱ्यांतही फ्लेअरकडे जाणारा वायू कॉम्प्रेसरने परत खेचून इंधन म्हणून वापरण्याच्या यंत्रणा बसल्या आहेत. त्यामुळे टोकावर मोठी ज्वाळा दिसेनाशी होऊ लागली आहे. पूर्वी मोठी ज्वाळा सतत जळत असे, तेव्हा एखादा पायलट विझला तरी येणारा वायू तिच्यावर पेटून जाई. आता महिनोन्महिने टोकावर पायलटशिवाय दुसरे काही नसते, आणि संकट येते तेव्हा सगळी भिस्त त्यांच्यावरच असते. फ्लेअरिंग जितके कमी होईल तितकी पायलटची राखण काटेकोर करावी लागेल. पायलट ताशी साधारण दोन घनमीटर गॅस खातो, तीन पायलटांचा वर्षाचा हिशेब ५० हजार घनमीटरांच्या पुढे जातो, म्हणून एखादा बंद ठेवावा, असा विचार खर्च कमी करण्याच्या बैठकांत डोकावतो. तो तिथल्या तिथे थांबवला पाहिजे.

हे पुस्तक मराठीत आहे, याचे मला विशेष अप्रूप वाटते. फ्लेअरचे आराखडे, मानके, कंपन्यांच्या पुस्तिका सगळ्या इंग्रजीत असतात आणि त्या इंजिनिअरच्या कपाटात राहतात. शटडाऊनमध्ये क्रेनच्या पाळण्यातून टोकाशी जाऊन थर्मोकपल बांधणारा, ग्लँड आवळणारा, केबल ओढणारा माणूस कंत्राटदाराचा असतो. केबल अमुक बाजूनेच का न्यायची, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो सोपी बाजू निवडतो आणि ती नेमकी ज्वाळेच्या झोतात येते. त्या माणसाच्या हातात हे पुस्तक पडावे. आकृत्या मोठ्या आहेत, मापे स्पष्ट आहेत आणि ऑपरेटर जे शब्द रोज बोलतात तेच इथे वापरले आहेत.

शेवटच्या प्रकरणात तपासणीची पद्धत दिली आहे, ती शटडाऊन संपण्याआधी अमलात आणावी. क्रेन परत पाठवण्यापूर्वी तिन्ही पायलट पेटवावेत आणि मग जमिनीवरच्या व्हॉल्व्हने एका वेळी एकच पायलट विझवावा. बाकीचे दोन पेटलेले राहू द्यावेत. विझवल्यापासून अलार्म यायला किती वेळ लागला, पॅनलवर नेमक्या कोणत्या पायलटचा दिवा बदलला, पुन्हा पेटवायला किती प्रयत्न लागले हे लिहून ठेवावे. मग थर्मोकपलची तार जंक्शन बॉक्समध्ये सोडवून आकडा वर जातो की खाली, ते पाहावे. हे तिन्ही पायलटांसाठी करावे. एखादा अलार्म आलाच नाही, तर क्रेन अजून जागेवर आहे. नोंदीचा तक्ता पुस्तकाच्या मागच्या पानांवर छापला आहे. त्याच्या प्रती काढून एक कंट्रोल रूममध्ये आणि एक इन्स्ट्रुमेंट विभागात ठेवावी, आणि पावसाळ्यापूर्वी दर वर्षी तो पुन्हा भरावा.